भाड्याच्या भिंतीला खिळा ठोकताना

नव्या बिऱ्हाडात सामान लागले, टेम्पोवाल्याचा हिशेब चुकता झाला, शेगडी ओट्यावर आली की पहिल्याच रविवारी घरातल्या कोणाला तरी हातोडीची आठवण होते. देवघराची फळी, कॅलेंडर, पडद्यांचे दांडे, न्हाणीघरातला आरसा, टॉवेलसाठी खुंटी. मात्र हातोडी हातात घेतली की मनात पाल चुकचुकते. भिंत दुसऱ्याची आहे. विचारावे तर घरमालक ‘नको’ म्हणणार; न विचारता ठोकावे तर घर सोडताना अनामत रकमेतून पैसे कापणार. मग बहुतेक बिऱ्हाडकरू काहीच करीत नाहीत. गळका नळ बादलीत गळत राहतो, खिडकीतून डास येत राहतात, आणि ‘घर आपले थोडेच आहे’ या एका वाक्यावर दोन-तीन वर्षे निघून जातात.

वास्तविक भाड्याच्या घरातही स्वतःच्या हाताने पुष्कळ काही करता येते. मात्र त्यासाठी एक निकष सतत जवळ ठेवावा लागतो : केलेली गोष्ट पुढे काढून नेता येईल का, आणि काढल्यावर भिंत होती तशी करून देता येईल का? विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते. जी सुधारणा पाठीवर घेता येत नाही, ती करण्यापूर्वी लेखी बोलणे झालेले बरे.

आपल्याकडे ही स्थिती नेहमीच नव्हती. गिरगाव-परळच्या चाळींत आणि पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांत भाडेकरूंनी पोटमाळे घातले, कडाप्पाचे ओटे बांधले, मोरीला फरशा बसवल्या, आणि हे सगळे मालकीच्या थाटात केले. त्याला कारण होते. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकले आणि भाडेकरूला जागेवरून हलवणे अवघड केले. ज्या खोलीत आजोबा राहिले तिथेच नातवाचा संसार होणार, हे जवळजवळ ठरलेलेच होते. तेव्हा पोटमाळ्यावर खर्च करायला कोणाचा हात आखडत नसे. घरमालकाचा हात मात्र आखडला. तुटपुंज्या भाड्यात इमारत दुरुस्त करण्याची त्याला गरजही वाटेना आणि परवडेही ना. अखेर १९६९ मध्ये मुंबईतल्या जुन्या इमारतींसाठी कायदा करून दुरुस्ती मंडळ नेमावे लागले.

आजच्या शहरी भाडेकरूचे नाते याच्या अगदी उलट आहे. तो बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर राहतो. कायद्याच्या भाषेत तो भाडेकरूही नसतो. त्याला जागा वापरण्याची केवळ परवानगी असते. मुदत अकरा महिन्यांची. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची असल्याने ती टाळण्यासाठी ही अकरा महिन्यांची प्रथा रुजली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ ने राज्यात असा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक केले आणि ती जबाबदारी घरमालकावर टाकली. अकरा महिन्यांची सवय मात्र सुटलेली नाही. अकरा महिन्यांच्या पाहुण्याने भिंतीत किती गुंतवणूक करावी, हा प्रश्न त्यातूनच निर्माण होतो.

साध्या फळीला घरमालक ‘नको’ का म्हणतो, हेही समजून घेण्यासारखे आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या, म्हणजे ‘ईझमेंट्स ॲक्ट’च्या, कलम ६० मध्ये एक तरतूद आहे. परवानगीनुसार राहणाऱ्याने त्या परवानगीच्या आधारे खर्च करून कायमस्वरूपी बांधकाम केले असेल, तर ती परवानगी सहजासहजी रद्द करता येत नाही. प्रत्येक दुरुस्तीला हे कलम लागू होते असे मुळीच नाही. करारात अटी स्पष्ट असतात, आणि मुदत संपल्यावर घर रिकामे करून घेण्यासाठी १९९९ च्या अधिनियमातील कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते. त्यानंतरही जागा न सोडणाऱ्याला शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. तरी ‘कायमस्वरूपी काम करणार नाही’ हे कलम जवळपास प्रत्येक छापील करारात असते, ते या भीतीपोटी. घरमालकाचे भांडण खिळ्याशी नसून खिळ्यामागोमाग येऊ शकणाऱ्या हक्काशी असते.

जे खऱ्या अर्थाने भाडेकरू आहेत, विशेषतः जुन्या पागडीच्या जागांत, त्यांच्यासाठी १९९९ च्या अधिनियमाने हा प्रश्न बराच सोडवला आहे. घरमालकाच्या लेखी संमतीविना कायमस्वरूपी बांधकाम केले तर जागा परत मागण्याचा अधिकार कलम १६ त्याला देते. मात्र त्याच कलमाचे स्पष्टीकरण ‘कायमस्वरूपी’मध्ये काय येत नाही तेही सांगते : लाकडी पार्टिशन, स्वयंपाकघरातला उभ्याचा ओटा, दार, जाळी, हवेसाठी आवश्यक खिडकी, फॉल्स सीलिंग, वातानुकूलन यंत्र, एक्झॉस्ट आणि धुराडे. अर्थात जिथे महापालिकेची परवानगी लागते तिथे ती घेऊन. अशा वादांत वस्तू किती पक्की जोडली आहे, जोडण्यामागचा हेतू काय होता आणि इमारतीला इजा न करता ती काढता येते का, हे न्यायालये पाहत आली आहेत. म्हणजे ‘काढून नेता येईल का’ हा केवळ घरगुती शहाणपणाचा प्रश्न नाही. कायद्यालाही तो पडतोच.

याच अधिनियमाचे कलम १४ भाडेकरूंनी अवश्य माहीत करून घ्यावे. करारात वेगळे काही ठरले नसेल तर जागा राहण्यायोग्य ठेवणे हे घरमालकाचे काम आहे. त्याने ते टाळले, तर किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन आणि वाजवी काळ वाट पाहून भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो व खर्च भाड्यातून वळता करू शकतो. वर्षाला एकूण भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला मात्र या कलमावर विसंबता येत नाही. त्याच्यासाठी करार हाच कायदा. म्हणूनच सही करण्यापूर्वी, ‘अमुक ठिकाणी खिळे व स्क्रू, पडद्यांचे दांडे, पंखे बदलणे यास संमती आहे, जाताना भोके बुजवून द्यावीत’ अशी दोन ओळींची भर घालून घ्यावी. ती राहून गेली असेल तर ई-मेल किंवा मोबाइलवरचा संदेशही उपयोगी पडतो. फोनवरचे ‘हो, लावा की’ अकरा महिन्यांनी कोणाच्या लक्षात राहत नाही.

ताबा घेतल्याच्या दिवशीच, सामान येण्यापूर्वी, प्रत्येक खोलीचे फोटो काढून घरमालकाला पाठवावेत. विशेषतः आधीची भोके, फुटकी फरशी, ओल आलेला कोपरा आणि सिंकखालची जागा. अनामत रक्कम काही महिन्यांच्या भाड्याइतकी असते आणि तिच्यावरून होणारे बहुतेक तंटे ‘हे आधीपासूनच होते’ आणि ‘नव्हते’ या दोन वाक्यांतच फिरतात.

आता प्रत्यक्ष भिंतीकडे. हातोडीने ठोकलेला खिळा हा भिंतीवरचा सर्वांत वाईट उपाय होय. तो गिलाव्याचा टवका काढतो, वाकतो, आणि वजन पडले की भोकासकट बाहेर येतो. त्यापेक्षा ड्रिलने पाडलेले सहा मिलिमीटरचे भोक कितीतरी नेटके. ड्रिल विकत घेण्याचीही गरज नाही. ओळखीत कोणाकडे तरी ते असतेच, किंवा दिवसाच्या भाड्याने मिळते. भोक पाडण्यापूर्वी भिंत कशाची आहे ते ओळखावे. विटांच्या भिंतीत लालसर भुकटी येते आणि ड्रिल सहज आत जाते. काँक्रीटच्या भिंतीत राखाडी भुकटी येते. ड्रिल हॅमरवर टाकल्याशिवाय पुढे सरकत नाही. गेल्या काही वर्षांत बांधलेल्या अनेक इमारतींत पांढरट, हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात. त्यांत हॅमर वापरला तर भोक रुंदावते आणि प्लास्टिकचा साधा प्लग फिरत राहतो. तिथे हॅमर बंद ठेवून छोटे भोक पाडावे आणि हलक्या ब्लॉकसाठीचा लांब नायलॉनचा प्लग मागून घ्यावा. भुकटीचा रंग पाहण्यात अर्धे मिनिट जाते. ते न पाहिल्यामुळे फळी आणि तिच्यावरचे डबे खाली येतात.

भोकाची खोली प्लगपेक्षा किंचित जास्त हवी. तेवढ्या अंतरावर ड्रिलच्या बिटाला चिकटपट्टी गुंडाळली की अंदाज चुकत नाही. भोकाखाली कागदाची घडी चिकटवली की भुकटी त्यातच पडते. आतली भुकटी सायकलच्या पंपाने उडवावी, नाहीतर प्लग घट्ट बसत नाही. आणि कुठे भोक पाडू नये, हे सर्वांत महत्त्वाचे. स्विचबोर्डच्या थेट वरची व खालची उभी रेषा आणि बोर्डाच्या पातळीतली आडवी रेषा वर्ज्य, कारण भिंतीआडच्या वायरी बहुधा त्याच वाटांनी जातात. न्हाणीघराला व स्वयंपाकघराला लागून असलेल्या भिंतीत नळ कुठून जातात ते कळेपर्यंत हात लावू नये. खांब आणि तुळया यांना साध्या खुंटीपलीकडे काही नको.

भोक बुजवणे तर पाडण्यापेक्षाही सोपे. प्लग पक्कडीने ओढून काढावा, भोक ओले करून त्यात व्हाइट सिमेंट किंवा लांबी भरावी, वाळल्यावर खाली बसते म्हणून दुसऱ्यांदा भरावी, पॉलिश पेपरने घासावी. रंगाची अडचण मात्र खरी आहे. भिंत पांढरी दिसत असली तरी ‘पांढरा’ नावाच्या शेकडो छटा असतात, आणि नवा ठिपका जुन्या भिंतीवर उठून दिसतो. घरमालकाकडून रंगाची कंपनी, प्रकार आणि शेड क्रमांक आधीच मागून ठेवला तर शंभर-दोनशे मिलिलिटरच्या डब्यात काम भागते.

‘ड्रिल नको म्हणून चिकटणारे हुक लावले’ असे अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. फरशीवर आणि काचेवर ते उत्तम. पण डिस्टेंपरच्या भिंतीवर हुक काढताना हाताएवढा रंगाचा पोपडा बरोबर येतो, आणि मग एका भोकाऐवजी अख्खी भिंत रंगवावी लागते. भिंतीवर लावलेच असतील तर केस वाळवण्याच्या यंत्राने गोंद गरम करून, भिंतीला समांतर हळूहळू ओढावेत.

ओल ही भाड्याच्या घरातली सर्वांत फसवी गोष्ट. पावसाळा संपला की अनेक बिऱ्हाडकरू स्वतःच्या पैशाने त्या कोपऱ्याला रंग देतात आणि पुढच्या जुलैत तो रंग पुन्हा फुगतो. ओलीवर रंग देणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे, आणि तेही दुसऱ्याच्या भिंतीवरून. आधी पाणी कुठून येते ते पाहावे. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून एक-दोन दिवस ठेवावा. खोलीच्या बाजूने दवबिंदू जमले तर दोष कोंडलेल्या हवेचा; खिडकी उघडी ठेवून आणि कपाट भिंतीपासून चार बोटे सरकवून बराच फरक पडतो. भिंतीच्या बाजूने पाणी जमले तर ते भिंतीतूनच येत आहे, आणि तिथे भाडेकरूचे काम संपते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक नळांची गळती काढणे संस्थेचे काम आहे. वरच्या घराच्या न्हाणीघरातून पाणी झिरपत असेल तर तो वरच्या सदस्याचा प्रश्न. भाडेकरू संस्थेचा सदस्य नसल्याने तक्रार घरमालकामार्फतच जायला हवी. तारखेसह फोटो मात्र त्यानेच पुरवावेत.

गळक्या नळाला एवढे चर्हाट नको. आतले रबरी वॉशर झिजलेले असते. कॉक बंद करावा, नळाची मूठ उघडावी, जुने वॉशर दुकानात दाखवून त्याच मापाचे आणावे, आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून पुन्हा बसवावे. कॉक बंद होतो की नाही, हे नळ उघडण्यापूर्वी पाहिलेले बरे.

विजेच्या बाबतीत मात्र उत्साहाला आवर घालावा. दिवा, ट्यूब, पंख्याचा रेग्युलेटर बदलणे मेन स्विच बंद करून आणि टेस्टरने खात्री करून घरच्या घरी जमते. नवा पॉइंट काढणे, अर्थिंग, बोर्डातल्या जोडण्या ही लायसन्स असलेल्या वायरमनची कामे. दोन हजार वॅटचा गिझर जवळजवळ नऊ अँपिअर वीज ओढतो. त्याला सहा अँपिअरच्या सॉकेटवर किंवा एक्स्टेंशन बोर्डावर लावणे म्हणजे आगीला आमंत्रण. घर बघायला गेल्यावर ऊन कुठून येते हे सगळे पाहतात. तीन पिनांच्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का, मुख्य बोर्डात गळतीची वीज तोडणारा स्विच आहे का, हे क्वचितच कोणी विचारते. दोन्ही नसतील तर ती सुधारणा घरमालकाकडे आग्रहाने मागावी. तशीच दुसरी मागणी गॅस गिझरची. तो न्हाणीघराच्या आत असेल आणि हवेला वाट नसेल, तर आत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना वास ना रंग. दर हिवाळ्यात त्याने माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. असा गिझर बाहेरच्या बाजूला हलवून घेतल्याशिवाय वापरू नये. इथे ‘अकरा महिन्यांचा तर प्रश्न आहे’ हा विचार उपयोगाचा नाही.

विजेतील एक सुधारणा मात्र अस्सल बिऱ्हाडाची आहे. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट वीज घेतो. नव्या बीएलडीसी पंख्याला तीसच्या आसपास पुरतात. दिवसाला बारा तास पंखा चालला तर महिन्याला सुमारे सोळा युनिटे वाचतात, आणि बिल भाडेकरूच भरतो. घर बदलताना पंखा बरोबर नेता येतो. घरमालकाचा जुना पंखा तेवढा कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवावा. भंगारवाल्याला देऊ नये.

खिडक्यांच्या जाळ्यांचेही तसेच. वेल्क्रोच्या पट्टीवर बसणारी जाळी चौकटीच्या मापाने घरी कापता येते, धुता येते, काढता येते. डेंग्यूच्या दिवसांत याहून स्वस्त सुधारणा नाही. बाल्कनीला ग्रिल लावणे मात्र वेगळे प्रकरण आहे. तिथे इमारतीचे बाह्यरूप बदलते, म्हणून संस्थेची परवानगी लागते, आणि ती घरमालकानेच मागायची असते. वातानुकूलन यंत्राच्या नळीसाठी भिंतीला आरपार भोक पाडणेही त्याच वर्गातले. सगळ्या भिंती काँक्रीटच्या असलेल्या नव्या इमारतींत तर असे भोक थेट भार पेलणाऱ्या भिंतीला पडते.

खर्च कोणी करावा? केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार अधिनियमाच्या परिशिष्टात याची वाटणी आहे. मूळ बांधकाम, भिंतींची रंगसफेदी, नळांच्या लाइनी आणि वायरिंग घरमालकाकडे. नळाचे वॉशर, स्विच-सॉकेट, कड्या-कुलपे, खिडकीच्या काचा व जाळ्या भाडेकरूकडे. तो लागू करणे राज्यांवर सोपवलेले आहे, पण बोलणी करताना दाखवायला ही यादी चांगली आहे. मोठ्या कामासाठी हिशेब आधी मांडावा. समजा, स्वयंपाकघरात तीस हजारांच्या ट्रॉल्या करायच्या आहेत आणि त्या काढून नेता येणार नाहीत. दरमहा अडीच हजार भाड्यातून कमी करण्याचे ठरले तर अकरा महिन्यांत साडेसत्तावीस हजार वळते होतात. उरलेले अडीच हजार वापराचे मोल. ट्रॉल्या घरमालकाच्या राहतात आणि पुढच्या बिऱ्हाडाकडून तो थोडे अधिक भाडे घेऊ शकतो. असा प्रस्ताव कागदावर दिला तर बहुतेक घरमालक निदान ऐकून तरी घेतात.

निघण्याच्या वेळी एक तपशील विसरला जातो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ नुसार भाडेपट्टेदाराला स्वतः जोडलेल्या वस्तू काढून नेता येतात, पण जागा ताब्यात असेपर्यंतच. आणि जागा मिळाली होती त्या स्थितीत ठेवून. परवानगीवर राहणाऱ्यालाही सामान हलवायला वाजवी मुदत मिळते. किल्ल्या दिल्यानंतर ‘आमचा गिझर राहिला’ म्हणून फोन करणे व्यर्थ असते. म्हणून शेवटचा रविवार रिकामा ठेवावा. दांडे आणि फळ्या उतराव्यात, भोके बुजवावीत, लांबी वाळेपर्यंत जाळ्या धुवाव्यात, माळ्यावरचा जुना पंखा पुन्हा टांगून तो फिरतो की नाही ते घरमालकासमोर लावून दाखवावे, आणि त्याच भिंतींचे पुन्हा फोटो काढून मगच कुलूप लावावे. पडद्यांचे दांडे नव्या घराच्या खिडक्यांना बसणार नसतील तर येणाऱ्या बिऱ्हाडाला विचारून पाहावे. निम्म्या किमतीला ते आनंदाने घेतात, आणि दहा भोके बुजवायचे काम वाचते.